कौतिक कोटवाराची बिनहुकमाची दवंडी

हिवरखेडीत कुणाच्या घरी पोर जन्मलं की ते आधी कौतिकला कळवावं लागे. कुणी मेलं तरीही. कौतिक गावचा कोटवार, म्हणजे दवंडी देणारा आणि ठाण्याला खबर पोचवणारा गावचाकर. बाप कोटवार, आजा कोटवार. पितळेचा बिल्ला, घुंगरू लावलेली काठी, गळ्यात अडकवायचा डफ आणि जन्ममृत्यूची एक शिवलेली वही, एवढी त्याची इस्टेट. शिवाय चाकरीपोटी मिळालेली चार एकर खडकाळ जमीन. वही त्याच्याकडे असली तरी त्याला वाचता येत नव्हतं. दर पंधरवड्याला तो आठ मैल चालत ठाण्यावर जायचा, तोंडी सांगायचा आणि ठाण्यातला मुन्शी त्या वहीत लिहून द्यायचा.

आवाज मात्र असा, की त्यानं दवंडी दिली तर डोंगरावर चरणारी गुरं माना वर करत. आणि राग? राग त्याच्या नाकावरच बसलेला असे. पण बापानं त्याला लहानपणीच शिकवलं होतं, की आपल्या माणसांवर ओरडावं, धन्यासमोर गिळावं. वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यानं पुष्कळ गिळलं होतं.

निंबोला गावाच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेलं हे गाव. वरच्या आळीत शेतकरी, चावडी आणि गावविहीर. नाल्याच्या खालच्या बाजूला कौतिकची वस्ती, बावीस घरांची. या बावीस घरांतल्या कुणी गावविहिरीच्या काठाला हात लावायचा नाही, शिवाशिव होते. पण वस्तीनं त्या विहिरीकडे कधी आशेनं पाहिलंही नव्हतं, कारण त्यांच्याकडे उंबरझिरा होता. डोंगर उतरतो तिथं काळ्या खडकाच्या कपारीतून मनगटाएवढी धार पडायची. वर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुनसादड्याची दाट झाडी. ऐन जेठ महिन्यातसुद्धा पाण्यात हात घातला की बोटं गारठत. कौतिकची बायको सोजरबाई म्हणायची, "त्यायची विहीर त्यायले लखलाभ. आमचं पानी बर्फीवानी गोड हाये."

देशाला स्वराज्य मिळून तीन वर्षं झाली होती. मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, जाणार, रानं सरकारजमा होणार, अशी बोलवा बऱ्हाणपूरच्या बाजारातून गावात आली. हिवरखेडीचे मालगुजार मधुकरराव शहरात राहायचे, गावाला वर्षातून एकदा तोंड दाखवायचे. कारभार दिवाणजींच्या हातात. यादवराव त्यांचं नाव. त्या दिवाळीनंतर यादवराव दमणी जुंपून गावात आले ते एका ठेकेदाराला घेऊनच.

"कौतिक, दवंडी दे," ते म्हणाले. "ज्याला मजुरी पाहिजे त्यानं उद्या कुऱ्हाड घेऊन डोंगरावर यायचं."

कौतिकनं डफ गळ्यात अडकवला आणि दवंडी दिली. वरच्या आळीत दिली, खालच्या वस्तीत दिली. दुसऱ्या दिवशी शंभर कुऱ्हाडी डोंगरावर चढल्या. त्याच्या स्वतःच्या मुलाची, भाईदासची कुऱ्हाडही त्यात होती. पुढं आयुष्यभर कौतिकला यादवरावांचा राग आला, मुन्शीचा आला, सरकारचा आला, पण त्या दवंडीचा जसा आला तसा कशाचाच आला नाही.

साग आधी गेला. मग धावडा, मग अंजन. उरलंसुरलं कोळशाच्या भट्ट्यांत गेलं. गाड्यांच्या रांगा स्टेशनाकडे लागल्या. भट्ट्यांचा धूर दिवसभर गावावर बसून राहायचा आणि सोजरबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर काळी पूड पडायची. तिसऱ्या महिन्यात कुऱ्हाडी झिऱ्याच्या वरच्या उतारावर आल्या, तेव्हा कौतिक बिल्ला लावून यादवरावांपुढे उभा राहिला.

"दिवाणजी, एवढी पट्टी सोडा. झिऱ्याच्या डोक्यावरची हाये."

"झाडातून का पाणी येतं रे? पाणी दगडातून येतं."

"दगडावर सावली हाये म्हनून येतं."

यादवराव हसले. "हे बघ, चैत्र लागला की सगळं सरकारचं. मालकांच्या चार पिढ्यांनी राखलेलं दाट रान आहे हे. ते काय सरकारच्या घशात घालायचं? काडी ठेवायची नाही, असा हुकूम आहे."

कौतिकनं गिळलं. होळीपर्यंत डोंगर बोडका झाला.

पुढच्या आषाढात गावाला कळलं की काय गेलं. पूर्वी डोंगरावर पाऊस झाला की नाल्याला पाणी यायला दिवस जायचा, आणि मग ते महिनोन् महिने वाहायचं. आता घटकाभरात लाल पाण्याचा लोंढा धोंडे घेऊन आला. वरच्या आळीतल्या लोटू पाटलाच्या नाल्याकाठच्या केळीत गुडघाभर दगडगोटे आणि मुरूम पसरला, खांब आडवे झाले. झिरा गाळाखाली गेला. वस्तीनं तीन दिवस खपून तो उकरून काढला. धार आली, पण गढूळ. दिवाळीला ती करंगळीएवढी झाली. होळीला कपारीतून नुसता ओलावा पाझरला, आणि चैत्रात तोही वाळला.

वस्तीनं नाल्याच्या पात्रात खड्डा खणला. त्यात येणारं पाणी हिरवट, वर तवंग. गुरं तिथंच बसायची. सोजरबाई लुगड्याचा पदर चौपदरी करून पाणी गाळायची आणि गाळलेलं पुन्हा गाळायची. कौतिक एके सकाळी लोटू पाटलाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"लोटूभाऊ, वरून ओतून द्या. वस्तीले रोजच्या धा-बारा घागरी. पोरं प्यायपुरतं."

लोटू वाईट माणूस नव्हता. दोन दिवस त्यानं गड्याकरवी वरून पाणी ओतून दिलं. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीची म्हातारी मंडळी त्याच्या ओट्यावर येऊन बसली. विहीर खाली चालली आहे, म्हणाली; आज ओतून मागतात, उद्या काठावर येतील. चौथ्या दिवशी लोटूचा गडी आला नाही. कौतिकही पुन्हा गेला नाही.

मग वस्तीत माणसं मरायला लागली.

पहिलं दोन वर्षांचं पोर. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेले, दीड दिवसात संपलं. मग त्याची आजी. मग शेजारच्या घरातल्या दोघी बहिणी, लागोपाठ दोन दिवशी. कौतिक प्रत्येक वेळी वही घेऊन आठ मैल चालत गेला. पंधरवड्याची वाट पाहिली नाही.

"कैसे मरा?" मुन्शी विचारायचा.

"पानी से, साब," कौतिक आपल्या हिंदीत सांगायचा. "झाडं तोडली, झिरा सुख गया. गड्ढे का पानी पिया. उल्टी-दस्त हुआ. लिखो, पानी से मरा."

मुन्शी एकच शब्द लिहायचा आणि वही त्याच्यापुढे टाकायचा. एवढं लांबलचक सांगितलेलं एका शब्दात कसं मावतं, याचं कौतिकला नवल वाटायचं. शिकलेल्या माणसांची करामत असेल, असं तो समजायचा.

आठवी कोकिळा. भाईदासची बायको, कौतिकची सून, इच्छापुराकडची मुलगी. एकोणीस वर्षांची, पाचवा महिना चालू. आधीच्या आजाऱ्यांसाठी तीच नाल्यावरून पाणी वाहत होती. सकाळी ओकायला लागली ती संध्याकाळी हाक मारली तरी डोळे उघडेना. तिला मूठमाती देऊन कौतिक तसाच ठाण्यावर गेला. पायाला अजून ती माती होती.

"फिर से?" मुन्शी कंटाळून म्हणाला.

"दो लिखो साब. पेट में बच्चा था."

"पेट का नहीं लिखते," मुन्शी म्हणाला आणि त्यानं तोच एक शब्द लिहिला. चार दिवसांनी नववा गेला.

जेठ सरता सरता तहसिलीतून नायब तहसीलदार गावात आले. दत्तात्रय नाव, अमरावतीकडचे, वय फार तर तिशीचं, डोक्यावर सोला हॅट. मालगुजारी संपली तेव्हा त्या रानावर गावकऱ्यांचे लाकूडफाट्याचे, चराईचे, पाण्याचे कोणते हक्क होते आणि आता काय शिल्लक आहे, याची चौकशी करून कागद करायचा होता. चावडीपुढच्या निंबाखाली टेबल मांडलं गेलं. यादवराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं केला.

साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "सदर रान पूर्वीपासून विरळ व झुडपी असून मौल्यवान झाडी नव्हती. तोड नाममात्र झाली. गावाच्या हक्कांस बाध आलेला नाही." त्यांनी वर पाहिलं. "कुणाची काही हरकत?"

त्या तोडीची मजुरी सगळ्यांनी घेतली होती. लोटू पाटील जमिनीकडे बघत राहिला.

"कुणाचं काही नुकसान?"

"सायेब, पानी गेलं. मानसं मेली," मागून कौतिक म्हणाला.

"कोटवार का तुम्ही? वही आणा." साहेबांनी पानं उलटली. "दोन महिन्यांत नऊ मृत्यू, एकाच वस्तीत. बरेच आहेत." मग बोट खाली खाली सरकवत त्यांनी वाचलं. "बुखार. बुखार. बुखार. बुखार..." नऊ वेळा वाचून वही मिटली. "तापाची साथ दिसते. त्याचा रानाशी काय संबंध?"

कौतिक पुढं आला. "काय लिवलं हाये?"

"ताप. नऊही जण तापानं गेले."

"कोकिळाच्या नावापुढं काय हाये?"

साहेबांनी पुन्हा वही उघडली. "बुखार."

नऊ वेळा आठ मैल जाणं आणि आठ मैल येणं. नऊ वेळा त्यानं 'पानी' म्हटलं होतं. आणि ही वही तो डोक्याला बांधून, घामानं भिजू नये म्हणून जपत आणत होता.

"खोटं हाये!" तो असा ओरडला की दमणीचे बैल दचकले. "एकाचंबी अंग तापलं नव्हतं, सायेब! थंड पडून मेले सारे! मी सांगलं पानी, त्यानं लिवला बुखार. मले वाचता येत नाही म्हनून माझ्या सुनेले दोनदा मारलं तुमी! आन् हा कागद!" त्यानं यादवरावांकडे बोट केलं. "दिवाणजी, रान झुडपी व्हतं काय? मले त्या उतारावर काय म्हटलं तुमी? चार पिढ्यांनी राखलेलं दाट रान! तोडतांनी दाट आन् लिवतांनी झुडपी? शरम नाही वाटत?"

"साहेब, हा माणूस प्यायलेला आहे," यादवराव म्हणाले.

"मी पानीबी प्यायलेलो नाही कालपासून!"

दत्तात्रय तरुण होते, पण सरकारी माणूस होते. त्यांनी हात वर केला. "आवाज खाली. ठाण्याची नोंद मला बदलता येत नाही. रान दाट होतं असा पुरावा असेल तर दाखवा. उद्या दुपारी मी निघणार."

कौतिक घरी गेला, डफ घेऊन आला आणि चावडीसमोर, साहेबांच्या देखत त्यानं डफावर थाप मारली.

"ऐका हो ऐका! उद्या सूर्य उगवाच्या टायमाले समद्यांनी डोंगरावर याचं! ज्यायनं झाडं तोडली त्यायनं खुंट मोजाले याचं! माझ्या दवंडीवर कुऱ्हाड घेऊन आले व्हते, आता माझ्या दवंडीवर मोजाले या होऽऽ!"

"कुणाच्या हुकमानं दवंडी देतोस?" यादवराव उठून उभे राहिले. बिनहुकमाची दवंडी म्हणजे चाकरी गेलीच, हे दोघांनाही माहीत होतं.

"माझ्या," कौतिक म्हणाला आणि दवंडी देत वरच्या आळीकडे वळला.

सकाळी तो आणि सोजरबाई चुन्याचं मडकं घेऊन डोंगरावर चढले, तेव्हा त्याला वाटलं होतं की कुणी येणार नाही. आधी भाईदास आला, कुऱ्हाड घेऊन. मग वस्तीतल्या बाया. मग, उजाडता उजाडता, लोटू पाटील आपल्या दोन भावांसह. त्याच्या मागं वरची आळी दोघं-तिघं करत येत राहिली. ऊन डोक्यावर यायच्या आत साठएक माणसं उतारावर पसरली होती. एकानं खुंटावर चुन्याचा पट्टा ओढायचा, दुसऱ्यानं आकडा ओरडायचा, म्हणजे एक खुंट दोनदा मोजला जाऊ नये. साहेब स्वतः वही घेऊन मधोमध उभे. यादवराव त्यांच्या कानाशी. "साहेब, हे खुंट जुने आहेत. पंचवीस-तीस वर्षांचे."

कौतिकनं भाईदासच्या हातची कुऱ्हाड घेतली आणि जवळच्या खुंटाची ढलपी उडवली. आत लाकूड तांबूस, घट्ट निघालं. ती ढलपी त्यानं साहेबांच्या हातात दिली. "तीस वर्सांचा मुडदा असा राहते काय, सायेब?"

साहेबांनी ढलपी नाकाशी नेली. मग यादवरावांकडे न बघता म्हणाले, "पुढं मोजा."

दुपारपर्यंत एका उताराचे चार हजार तीनशे बारा खुंट झाले. दोन उतार बाकी होते. पण डोंगरावर सावली म्हणून कुठं नव्हती. शिपायाकडची सुरई कधीच रिकामी झाली होती आणि साहेबांचे ओठ पांढरे पडले होते.

"जवळ कुठं पाणी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"हाये ना," कौतिक म्हणाला. "चला."

तो त्यांना खाली नाल्यात घेऊन गेला. मागोमाग सगळे आले. खड्ड्याशी वाकून त्यानं तवंग हातानं सारला, लोटा भरला आणि साहेबांपुढे धरला. लोट्यात हिरवट पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या दोन अळ्या.

साहेबांनी हात पुढं केला नाही.

"प्या," कौतिक म्हणाला. "माझ्या सुनेनं हेच प्यायलं. माझ्या हातचं नको असंल तर तसं सांगा. पान्यामुळं नाही पीत का हातामुळं नाही पीत, येवढंच सांगा मले."

"पाण्यामुळं," साहेब हळूच म्हणाले.

"मंग लिवा तसं!"

तेवढ्यात लोटू पाटील, साहेबांची दया येऊन असेल किंवा गावाची लाज वाटून असेल, पुढं होत म्हणाला, "साहेब, आमच्या गावात पाणी नाही असं नाही. वर विहीर आहे. चांगलं पाणी आहे. चला."

दत्तात्रय वळले. "विहीर आहे? मग ही माणसं हे का पितात?"

लोटूची मान खाली गेली. आणि इतके दिवस कौतिकनं जे गिळलं होतं ते सगळं बाहेर आलं.

"सांगा ना, लोटूभाऊ! सांगा सायबाले! डोंगर दिवाणजीनं खाल्ला, कबूल. मीच दवंडी देल्ली, तेबी कबूल. माझ्या पोरानं झाडं तोडली. पन झिरा आटल्यावर नऊ मानसं मरून राह्यली, तवा तुमच्या विहिरीत पानी व्हतं! मी तुमच्या दारात आलो व्हतो! तुमच्या केळीत दगड आले म्हनून तुमी आज खुंट मोजाले आले. आमच्या घरातून तिरड्या निघाल्या तवा कोठी व्हते?"

साहेबांनी तिथंच, नाल्यात उभ्यानं, वहीत लिहिलं. लिहिलेलं कौतिकला वाचून दाखवलं: झाडी तोडल्यानं झरा आटला, दूषित पाण्यानं नऊ माणसं दगावली. "आणखी काही?"

"पोटातलं पोर."

साहेबांनी ते लिहिलं. मग गावाला तोंड करून सांगितलं, की देशात नवी घटना लागू झाली आहे, आज संध्याकाळी वस्ती विहिरीवर पाणी भरेल, आडवा येईल त्याला मी बऱ्हाणपूरला घेऊन जाईन.

संध्याकाळी सोजरबाई सगळ्यांच्या पुढं गेली. तिनं घागर काठावर ठेवली. दोन म्हातारे पाठ फिरवून निघून गेले. बाकीचे बघत उभे राहिले. कौतिक विहिरीपासून वीस हात दूर उभा होता, काठी आवळून. घागर भरून आली. सोजरबाईनं त्याच्यासाठी ओंजळभर पाणी पुढं केलं. तो प्याला नाही. "हेच दोन महिन्यांआंधी भेटलं असतं," एवढंच म्हणाला आणि खाली गेला.

साहेबांनी पाठवलेला टोचणीवाला डॉक्टर आठवड्यात आला. मागोमाग कौतिकच्या बडतर्फीचा हुकूमही आला. बिनहुकमी दवंडी आणि सरकारी कामात दांडगाई. बिल्ला, काठी, वही त्यानं चावडीवर नेऊन टाकली. चाकरीची चार एकर जमीन नव्या कोटवाराकडे गेली. दत्तात्रय साहेबांची बदली झाली, पण त्यांच्या शिफारशीवरून दोन वर्षांनी वस्तीत सरकारी विहीर मंजूर झाली. वस्तीनंच ती खणली. चाळीस हात खडक फोडल्यावर मचूळ पाणी लागलं. तोवर बावीसपैकी सात घरं उठून गेली होती. भाईदास बऱ्हाणपूरच्या गिरणीत लागला आणि सणावारालासुद्धा गावात यायचं टाळू लागला.

खुंटांच्या मोजणीचं काय झालं? मालगुजारी गेल्याबद्दल मालकांना मिळणाऱ्या भरपाईतून त्याची वजावट होईल, तो पैसा गावाच्या पाण्याला लागेल, असं साहेब जाताना म्हणाले होते. कौतिक बहादरपूरच्या केळीबागांत मजुरी करायचा, आणि चार मजुऱ्या बुडवून चार वेळा खंडव्याच्या जिल्हा कचेरीत जाऊन आला. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली, तेव्हा तिथल्या कारकुनानं त्याला सांगितलं, "फाइल नागपुर में थी, बाबा. अब राजधानी भोपाल है. वहाँ गई होगी, या रास्ते में होगी."

"चार हजार तीनशे बारा," कौतिक त्याला म्हणाला. "रस्त्यात गावली तं पाहा. मोठी असंल."

एकदा बाजाराच्या वाटेवर लोटू पाटील गाडी थांबवून त्याला म्हणाला, "बस कौतिक, ये." कौतिक बसला. आता तो लोटूच्या शेजारी बसायचा, लोटूही बसवून घ्यायचा. तेवढं त्या नाल्यातल्या दिवसानंतर बदललं होतं. थोडं पुढं गेल्यावर लोटू म्हणाला, "विहीर झाली, लेका. आता राग सोड. किती वर्षं धरशील?"

कौतिकनं बोडक्या डोंगराकडे बोट केलं.

"विहीर सरकारनं देल्ली, लोटूभाऊ," तो म्हणाला. "झिरा आमाले कोनी देल्ला नव्हता. तो घेतला. देल्ल्याचं नाव सांगून, घेतलेलं इसरा म्हनता, ते मले जमत नाही."

लोटूनं बैलांना हाक दिली. गाडी निंबोल्याकडे चालत राहिली.